गृहकर्ज फेडताना घर हसतं कसं ठेवायचं: डोंबिवलीतल्या आमच्या साडेअकरा वर्षांवरून

सप्टेंबर २०१३ मध्ये आम्ही डोंबिवली पूर्वेला वन बीएचके घेतला. ४२० चौरस फूट कार्पेट, किंमत ३० लाख. सहा लाख आमचे, २४ लाख कर्ज, दर १० टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता २३,१६१ रुपये. घरात आम्ही चौघं: मी, नवरा, सासूबाई आणि पाच वर्षांची मुलगी. कर्ज फिटलं ते एप्रिल २०२५ मध्ये.

कर्ज मिळवायचं कसं हे सांगायला एजंटपासून मामेभावापर्यंत सगळे हजर असतात. सह्या झाल्यावर हे कर्ज घरात घेऊन जगायचं कसं, हे मात्र कोणी सांगत नाही. आमची पहिली दोन वर्षं त्यामुळे अवघड गेली. तुमचं कर्ज नुकतंच सुरू झालं असेल तर हे सगळं तुमच्यासाठी लिहिते आहे.

१. पहिल्याच आठवड्यात एक फाइल लावा

मूळ कागद बँकेकडे जातात. त्यामुळे तुमच्याकडे काय उरलं आणि बँकेकडे काय गेलं, हे त्याच आठवड्यात नक्की करा. फाइलमध्ये हे हवं:

- कर्जाचं मंजुरीपत्र आणि कर्जकरार, सगळ्या पानांसह
- नोंदणीकृत खरेदी करार आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा) यांच्या प्रती
- मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्काच्या पावत्या
- बँकेने ताब्यात घेतलेल्या मूळ कागदांची यादी, बँकेच्या सही-शिक्क्यासह
- हप्त्यांचं संपूर्ण वेळापत्रक (कोणत्या महिन्यात व्याज किती, मुद्दल किती)
- सोसायटीच्या भागदाखल्याची (शेअर सर्टिफिकेटची) प्रत
- विम्याची पॉलिसी, घेतली असेल तर

यातला चौथा कागद बहुतेक जण मागतच नाहीत. तो मागाच. पंधरा वर्षांनी शाखा हललेली असते, माणसं बदललेली असतात आणि 'हा कागद आमच्याकडे नव्हताच' असं ऐकावं लागलं तर दाखवायला हातात ती यादीच असते.

हप्त्याची तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांची घ्या. पगार एक तारखेला असेल तर पाच तारीख बरी. खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला तर खात्याची बँक आणि कर्जाची बँक, दोन्हीकडून दंड लागतो आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो तो वेगळा.

२. हप्ता घरात उघड बोला

आमची खरी चूक इथे झाली. पहिली दोन वर्षं 'हप्ता' हा शब्द आम्ही दार लोटून बोलायचो. सासूबाईंना काळजी नको, मुलीला कळू नये, असं वाटायचं. झालं असं की सासूबाईंनी न विचारताच स्वतःचं च्यवनप्राश बंद केलं. आणि मुलीने बिल्डिंगच्या गच्चीवर मैत्रिणींना सांगितलं, "माझे बाबा दर पाच तारखेला गुंडांना हप्ता देतात."

तिने टीव्हीवर हप्ता वसूल करणारे गुंडच पाहिले होते, तिला दुसरा अर्थ कुठून माहीत असणार? शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "काही अडचण आहे का गं? आमच्या ह्यांची पोलिसांत ओळख आहे." त्या रात्री आम्ही चौघं जमिनीवर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. मग नवऱ्याने बँकेचं स्टेटमेंट मधोमध ठेवलं आणि सगळं सांगितलं: कर्ज किती, पगार किती, हप्ता किती, उरतं किती. सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अरे, एवढंच होय! मला वाटलं घर जातंय." दुसऱ्या दिवशी च्यवनप्राश परत आलं.

तुम्ही दोन वर्षं थांबू नका. पहिल्या महिन्यातच सगळ्यांना एकत्र बसवा. मुलांना आकडे कळले नाहीत तरी आई-बाबा घाबरलेले नाहीत, एवढं त्यांना नक्की कळतं. आणि म्हाताऱ्या माणसांना न सांगता कुठे काटकसर करायला लावू नका, कारण ती नेमकी औषधावर आणि खाण्यावर करतात.

३. चौकटीची वही करा

आमच्या घराला सगळ्यात जास्त हसू या वहीने दिलं, आणि कर्जाचं गणितही हिनेच शिकवलं. साहित्य फार नाही: गणिताची चौकटीची वही, रंगीत पेन्सिली, हप्त्यांचं वेळापत्रक आणि कॅल्क्युलेटर.

कृती अशी:

१. घराची किंमत भागिले कार्पेट क्षेत्रफळ. आमचं ३० लाख भागिले ४२०, म्हणजे चौरस फुटाला सुमारे ७,१४३ रुपये.
२. वहीत घराचा नकाशा काढा. एक चौकोन म्हणजे एक चौरस फूट. आमचे ४२० चौकोन झाले.
३. सुरुवातीला स्वतःचे जेवढे पैसे घातले तेवढे चौकोन पिवळे रंगवा. आमचे सहा लाख म्हणजे ८४ चौकोन. स्वयंपाकघर १२ बाय ७ फूट, बरोब्बर ८४! त्या सहा लाखांत सासूबाईंच्या पाटल्या होत्या. त्यामुळे स्वयंपाकघर पहिल्या दिवसापासून त्यांचं, असं मुलीनेच जाहीर केलं.
४. दर महिन्याला हप्त्यातलं फक्त मुद्दल घ्या, त्याला चौरस फुटाच्या दराने भागा आणि तेवढे चौकोन रंगवा.

चौथ्या पायरीला सगळ्यांचे डोळे उघडतात. आमच्या पहिल्या २३,१६१ रुपयांत व्याज २०,००० आणि मुद्दल ३,१६१ होतं. म्हणजे अर्धा चौकोनसुद्धा नाही. पहिल्या वर्षात आम्ही बँकेत २,७७,९३२ रुपये भरले आणि मुद्दल कमी झालं ३९,७०० च्या आसपास. वर्षाची कमाई साडेपाच चौरस फूट! दाराजवळचा चपलांचा स्टँड आणि पुढचं पायपुसणं, एवढं 'आपलं' झालं.

मुलीने हा खेळ मनावर घेतला. हॉलमध्ये दूध सांडलं की ओरडायची, "आई, बँकेच्या जागेत सांडलंय, आपल्या नाही!" पाहुणे आले की सासूबाई त्यांना आग्रहाने आत ओट्याजवळ बसवायच्या, "आमच्या हक्काच्या जागेत बसा." मोरी पूर्ण रंगली त्या महिन्यात नवऱ्याने तिला नवी बादली आणि तांब्या आणला. गॅलरी कुणी आधी रंगवायची यावरून बाप-लेकीत दोन दिवस वाद चालला होता. कर्जाच्या घरात भांडणं होतातच. ती गॅलरीच्या रंगावरून झाली तर मला आनंदच आहे.

मुलांना एक गोष्ट मात्र नीट समजावून सांगा. कायद्याने घर नोंदणीच्या दिवसापासून पूर्ण तुमचंच आहे, बँकेकडे ते फक्त तारण असतं. आमच्या मुलीला एकदा रात्री भीती वाटली होती की बँकेचा माणूस त्याच्या भागात झोपायला येईल. तेव्हा तिला जवळ घेऊन हे सांगावं लागलं.

४. महिन्याचा पैसा चार डब्यांत

पगार आला की हप्ता, घरखर्च, अडचणीचा साठा आणि आनंद, असे चार भाग करा. चौथा डबा खोडू नका. आमचा तो पहिली काही वर्षं महिन्याला ८०० रुपयांचा होता. त्यात महिन्यातून एकदा मिसळ, मुलीला गोष्टीचं पुस्तक आणि सासूबाईंना गजरा. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जायला पैसे लागत नाहीत, गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेलाही नाहीत. डोंबिवलीने आम्हाला हे सण फुकट दिले आणि आम्ही एकही चुकवला नाही.

अडचणीच्या साठ्यात किमान सहा हप्ते जमेपर्यंत बाकी कुठे जास्तीचे पैसे घालू नका. आमचा साठा सासूबाईंच्या शिस्तीने जमला. त्यांना भिशीची सवय होती. त्यांनी घरातच भिशी काढली, सभासद चौघं आणि नंबर कायम कर्जाचा. मुलगी दर महिन्याला दहा रुपये द्यायची आणि पावती मागायची.

सापळा: घर नवीन असताना सोफा, मॉड्युलर किचन, मोठा टीव्ही हे सगळं कार्डावर किंवा पर्सनल लोनवर घेणं. त्याचं व्याज गृहकर्जापेक्षा बरंच जास्त असतं. आम्ही पहिली तीन वर्षं जुन्या लोखंडी कॉटवर चादर टाकून बसलो आणि पाहुणेही त्यावरच बसले.

५. जास्तीचे पैसे भरा, आणि लवकर भरा

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो, म्हणून थोडं थांबून वाचा.

आमच्या कर्जात पहिल्या वर्षाअखेर ५०,००० रुपये जास्तीचे भरले तर वहीत सात चौकोन रंगतात. पण हप्ता तोच ठेवला तर शेवटचे साडेतेरा हप्ते उडतात. म्हणजे पन्नास हजार आज भरून शेवटी तीन लाखांच्या वर भरणं वाचतं. तीच रक्कम पंधराव्या वर्षी भरली तर इतकी किमया होत नाही, कारण व्याजाचा मोठा भार सुरुवातीच्या वर्षांत असतो.

आम्ही वर्षातून एकदा, पाडव्याच्या आठवड्यात भरायचो. दिवाळीचा बोनस, माझ्या शिकवण्यांचे पैसे, भिशी, जुनी रद्दी विकून आलेलेसुद्धा. कधी पन्नास हजार, कधी लाख. एका वर्षी काहीच जमलं नाही, तेव्हा मुलीने गल्ल्यातले ३४० रुपये आणून दिले. ते आम्ही वेगळे ठेवले आणि पुढच्या वर्षीच्या भरण्यात घातले. तिच्या नावाचा छोटा तुकडा वहीत हिरवा आहे, दाराच्या चौकटीपाशी.

बँकेत जाताना हे लक्षात ठेवा:

- बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरण्याचा दंड लागत नाही. कोणी मागितला तर लेखी मागा.
- अर्जात स्पष्ट लिहा: 'हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी.' हे लिहिलं नाही तर हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवली जाऊ शकते. हप्ता हलका झाला म्हणून बरं वाटतं, पण व्याजाची बचत खूप कमी होते.
- पैसे मुद्दलातच जमा झाले का, हे आठवड्याने पाहा. आमचे एकदा पुढच्या हप्त्यांचे आगाऊ पैसे म्हणून धरले गेले होते. शाखेत दोन फेऱ्या मारल्यावर दुरुस्त झालं.
- नवं वेळापत्रक छापून घ्या आणि फाइलला लावा.

६. दर बदलला की स्टेटमेंट उघडा

आमचं कर्ज बेस रेटच्या, म्हणजे बँक स्वतः ठरवायची त्या मूळ दराच्या, काळातलं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) बाह्य दराशी जोडली गेली, पण जुनी कर्जं आपोआप तिकडे गेली नाहीत. मे २०२० मध्ये रेपो ४ टक्क्यांवर आला तेव्हा शेजाऱ्यांचं व्याज उतरलं आणि आमचं जवळपास तिथेच. मी शाखेत विचारलं तेव्हा कळलं की अर्ज आणि थोडं शुल्क भरून बदलता येतं. आधी विचारलं असतं तर आधी झालं असतं. तुमचं कर्ज जुनं असेल तर उद्याच विचारा.

उलटही होतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. आमचं शिल्लक मुद्दल नऊ लाखांवर आलं होतं, त्यामुळे मुदत तीनेक महिन्यांनीच वाढली. पण नव्याने कर्ज घेतलेल्यांचं बघा. ३० लाख, ६.९ टक्के, २० वर्षं, याचा हप्ता २३,०७९. दर अडीच टक्क्यांनी वाढून ९.४ झाला तर ३० लाखांवरचं महिन्याचं व्याजच २३,५०० होतं. पूर्ण हप्ता भरूनही कर्ज वाढतच राहील!

म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला: दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हा पर्याय कर्जदाराला दिला पाहिजे, आणि हप्ता व्याजापेक्षा कमी पडेल इतकी मुदत ताणता येणार नाही. मोबाइलवर आलेला दरबदलाचा मेसेज पुसू नका. त्याच दिवशी शिल्लक हप्ते मोजा. झेपत असेल तर हप्ता वाढवून घ्या.

७. विमा आणि कर, थोडक्यात

कमावत्या माणसाचा साधा टर्म इन्शुरन्स कर्जाच्या रकमेएवढा तरी घ्या. कर्जासोबत बँक जो विमा पुढे करते तो घेण्याची सक्ती नसते. त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला तर त्यावरही वीस वर्षं व्याज भरावं लागतं. फॉर्मच्या गठ्ठ्यात ती सही असते, वाचून मगच करा.

जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत आणि मुद्दलावर पीएफ, एलआयसी वगैरे धरून दीड लाखापर्यंत सवलत आहे. दोघं मालक आणि दोघं कर्जदार असाल तर प्रत्येकाला स्वतंत्र. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची ही सवलत मिळत नाही. दोन्ही गणितं करून पाहा.

८. पैसे कमी पडले तर

२०२० मध्ये नवऱ्याचा पगार चार महिने अर्धा झाला. मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलण्याची सवलत होती आणि बिल्डिंगमध्ये बरेच जण म्हणत होते की हप्ते माफ झाले. माफ नव्हते, थांबलेल्या महिन्यांचं व्याज चढतच होतं. आम्ही अडचणीच्या साठ्यातून हप्ते भरले. साठा जवळजवळ संपला, पण मुदत वाढली नाही. त्या चार महिन्यांत आनंदाच्या डब्यातून फक्त घरची भजी आणि गच्चीवरची अंताक्षरी झाली. मुलगी अजून त्या अंताक्षरीबद्दल बोलते.

तुमच्याकडे साठा नसेल तर हप्ता चुकण्याआधी बँकेत जा, चुकल्यावर नाही. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक (एनपीए) ठरतं आणि पुढे सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण ताब्यात घेण्याच्या कायद्याखाली, नोटीस येऊ शकते. त्याआधी हप्ता किंवा मुदत बदलून मागायला वाव असतो. अर्जाची पोच घ्या. तक्रार करूनही बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, विनाशुल्क तक्रार करता येते.

९. शेवटचा हप्ता गेल्यावर

हप्ता कापला गेला म्हणजे काम संपलं असं समजू नका. ही कामं क्रमाने करा:

१. कर्ज बंद झाल्याचं पत्र आणि थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. त्यात खातेक्रमांक आणि घराचा पूर्ण पत्ता बरोबर आहे का पाहा.
२. मूळ कागद मागा. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत ते परत द्यावे लागतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. आमचे २२व्या दिवशी मिळाले.
३. पहिल्या आठवड्यात बँकेकडून घेतलेली मूळ कागदांची यादी सोबत न्या. एकेक कागद, एकेक पान जुळवा आणि मगच पोचपावतीवर सही करा.
४. सोसायटीला दाखल्याची प्रत देऊन त्यांच्या नोंदीतला बँकेचा बोजा काढून घ्या. सातबारावर बोजा असेल तर तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करा.
५. सरसाईच्या (तारणांच्या केंद्रीय नोंदणीच्या) नोंदीतलं तारण बँकेने उतरवलं का, विचारा.
६. दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढा. वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. कर्ज 'बंद' दिसत नसेल तर लगेच कळवा.

कागद घरी आणले त्या दिवशी ते पाण्यापासून लांब, माळ्यावर नाही तर कपाटात ठेवा, आणि प्रत्येक पान स्कॅन करून दोन ठिकाणी जपा. आमचं स्कॅनिंग मुलीने केलं. मग तिने ती वही काढली. बेडरूमच्या खिडकीखालचे शेवटचे अकरा चौकोन उरले होते. आजीच्या हातात तिने पिवळी पेन्सिल दिली. सासूबाईंना आता नीट दिसत नाही, त्यामुळे रंग रेषेबाहेर, भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्यांच्या फ्लॅटमध्ये गेला आहे. काकूंना आम्ही ते लगेच जाऊन दाखवलं.